फेचचं खोकं

सर,

फेचचं खोकं अजून माझ्याकडेच आहे. बुटाचं जुनं खोकं, झाकणाचा एक कोपरा चिकटपट्टीने सांधलेला, आणि पुढच्या बाजूला तुमच्या ताठ अक्षरात, निळ्या शाईने लिहिलेलं ते एक इंग्रजी क्रियापद. शाई फिकी पडली आहे, पण वाचता येतं. सध्या त्यात बाबांची औषधं असतात. रक्तदाबाची सकाळची गोळी, साखरेची जेवणाआधीची, आणि एक मलम, जे ते कधी लावत नाहीत आणि फेकूही देत नाहीत. तुम्हाला हे पटलं नसतं. एका खोक्यात एकाच जातीचा माल, असा तुमचा नियम होता. तुमचे नियम पुष्कळ होते, आणि त्यातला सगळ्यात मोठा तुम्हीच मोडलात. तेवढं सांगायला हे लिहिते आहे. तुम्ही वाचणार नाही तेच बरं. वाचलं असतंत तर आधी लाल पेन काढलं असतंत.

राजापेठेतली तुमची पुढची खोली मला वासासकट आठवते. सतरंजी, भिंतीला टेकवलेला फळा, आतून येणारा फोडणीचा वास, आणि तुमच्या डोक्यावरच्या फळीवर ओळीने मांडलेली खोकी. कलेक्ट, गॅदर, पिक, पिक अप, फेच, गेट. शिकवणीला दहावीचे आम्ही अकरा जण. तुम्ही सांगायचात, "मराठीत आपण एक आणणं आणि एक गोळा करणं, अशा दोन गड्यांवर सगळी शेती करतो. इंग्रजांनी कामागणिक गडी ठेवला आहे. कोणत्या कामाला कोणता, ते ओळखा." मग फळ्यावर मांडायचात. कापूस वेचायचा तो पिक. पण शाळा सुटल्यावर धाकट्या बहिणीला घ्यायला जायचं ते पिक अप, आणि कोणी न शिकवता शेजारच्यांचं ऐकून हिंदी यायला लागली तर तेही पिक अपच. तिकिटं गोळा करणारा कलेक्ट करतो, शिंप्याकडे शिवून ठेवलेला ब्लाउज नेणारीही कलेक्टच करते, आणि रडू आलेलं माणूस डोळे पुसून सरळ बसतं तेव्हा ते स्वतःला कलेक्ट करतं. धूळ साचते ते गॅदर, गाडी वेग घेते तेही गॅदर, आणि समोरच्याने न सांगता एखादी गोष्ट आपल्याला उमगली की इंग्रज माणूस म्हणतो, आय गॅदर. हे शेवटचं तुमच्या फार आवडीचं. कोणी गृहपाठ केला नसला की तुम्ही चष्मा काढून चष्म्याच्या घरात ठेवायचात, डोळे मिटायचात आणि म्हणायचात, "आय गॅदर, काल घरी लाइट नव्हती."

शिकवायची तुमची तऱ्हा मात्र अख्ख्या अमरावतीत कोणाची नव्हती. लग्नसराई संपली की आम्ही घरोघरच्या जुन्या लग्नपत्रिका गोळा करून आणायच्या, तुम्ही त्या पत्त्यांएवढ्या कापायच्या, आणि कोऱ्या बाजूवर आम्ही रोज एक वाक्य लिहायचं. त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या पाठीवर कोणाच्या तरी लग्नाचा तुकडा असायचा. अर्धा गणपती, 'कृपया आहेर आणू नये', कोणाच्या तरी मामाचं तुटलेलं आडनाव. वाक्य पुस्तकातलं नको, घरातलं हवं, आजचं हवं, आणि खरं हवं. "खोटं वाक्य व्याकरणात बसतं, डोक्यात बसत नाही," म्हणायचात. वर नाव लिहायचं नाही. चिठ्ठी ज्या क्रियापदाची, त्या खोक्यात टाकायची. शनिवारी तुम्ही एकटे खोकी उघडून लाल पेनाने दुरुस्त्या करणार, आणि सोमवारी आपापलं अक्षर ओळखून आम्ही त्या पाहायच्या आणि पुन्हा आत टाकायच्या. पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "सर, घरातलं लिवलं अन् कोनाले समजलं त?" तुम्ही छातीवर हात ठेवलात आणि म्हणालात, "बेटा, खोक्यातलं खोक्यात राहील." मी तो हात पाहिला होता. पंधराव्या वर्षी माणूस हातावर विश्वास ठेवतं.

मग आखाडात आई घर सोडून गेली. आत्याच्या सासरचे पाहुणे जेवायला होते आणि वरणात मीठ दोनदा पडलं. एवढंच झालं. बाबा पंगतीतून उठले, स्वयंपाकघरात आले आणि पाहुण्यांना दिसेल अशा बेताने वरणाचा अख्खा गंज मोरीत ओतला. "हिले कायचीच अक्कल नाई," म्हणाले.  आईने पाहुण्यांना कढी लावून दिली, ताटं उचलली, ओटा धुतला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दोन वेण्या घातल्या, पिशवीत चार पातळं भरली आणि अकोल्याला मामाकडे निघाली. दारात मला म्हणाली, "घ्याले आले त येईन. सांग त्यायले." मी सांगितलं. बाबांनी पेपर उलटला.

आपल्याकडे याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. रुसून माहेरी गेलेली बाई आपल्या पायाने परत येत नाही. सासरच्या माणसाने घ्यायला जावं लागतं. तो जातो, ओसरीवर टेकतो, पावसापाण्याचं बोलतो, जेवतो, आणि संध्याकाळच्या गाडीने दोघं परत येतात. माफी कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही. घ्यायला जाणं हीच माफी असते. बाबांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच ते जात नव्हते. आत्या घर सांभाळायला म्हणून येऊन राहिली होती, ती म्हणायची, "गेली तशी येईन. एसटी काय एकाच बाजूनं चालते?"

एसटीचा दाखला आमच्या घरात सारखाच निघायचा, कारण बाबा अमरावतीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या केबिनमध्ये बसून माइकवर गाड्या पुकारायचे. माझी शाळा सकाळची. दुपारी मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि ते जेवेपर्यंत समोरच्या बाकड्यावर बसून ऐकायची. "बडनेरा, मूर्तिजापूर मार्गे अकोल्याला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे. प्रवाशांनी घाई करू नये." परतवाडा म्हणताना, तिवसा म्हणताना आणि अकोला म्हणताना आवाजात काही फरक पडतो का, हे मी कान देऊन ऐकायची. पडत नव्हता. पास खिशात, गाडी डोळ्यांसमोर, अडीच तासांचा रस्ता, आणि हा माणूस दिवसभर साऱ्या जगाला अकोल्याला पाठवत बसलेला. मला तेव्हा त्यांचा इतका राग यायचा की डब्यातल्या माझ्या करपलेल्या पोळ्यांची लाज वाटायची नाही.

हे मराठीत मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मैत्रिणींना थाप मारली होती की मामीला बरं नाही म्हणून आई गेली आहे. पण तुमच्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिताना ते घर जरा लांबचं वाटायचं, दुसऱ्या कोणाचं असावं तसं, आणि लिहिता यायचं. पहिल्या चिठ्ठीत मी लिहिलं, माझ्या आईला आणायला कोणी गेलं नाही, आणि आणण्यासाठी ब्रिंग वापरलं. तुम्ही मला थांबवून घेतलंत. रागावलात, तुमच्या पद्धतीने, म्हणजे आवाज आणखी खाली करून. "ब्रिंग नाही, बेटा. ब्रिंग म्हणजे येता येता आणलं. फेचमध्ये तीन कामं आहेत. उठून जायचं, घ्यायचं, आणि परत यायचं. अवघड असतं ते पहिलं." मी मान डोलावली. त्या दिवसापासून मी रोज फेचवर लिहायला लागले. आज बाबांनी गणवेशाला इस्त्री केली, पण तिला घ्यायला गेले नाहीत. आज रविवार होता, तरी गेले नाहीत. आज मामाचं पत्र आलं, ते बाबांनी न फोडता तांदळाच्या डब्यावर ठेवलं आणि गेले नाहीत. एकदा आईच्या शिलाई मशीनवर धूळ साचल्याचं लिहिलं, तेवढं गॅदरच्या खोक्यात टाकलं. तुम्ही प्रत्येक ठिकाणी फक्त व्याकरण सुधारत होतात, आणि मला तेच हवं होतं. एकदाच एका चिठ्ठीखाली लाल शाईत मराठीत लिहिलंत, "बेटा, जेवतेस ना?" ती चिठ्ठी मी सोमवारी पाहिली आणि परत खोक्यात सगळ्यांत खाली सरकवली. तुमच्यासारखं माणूस जगात दुसरं नाही, असं मला त्या दिवशी वाटलं होतं. हे कबूल करायला आजही जिवावर येतं.

श्रावण सरत आला. महालक्ष्म्या आठ-दहा दिवसांवर होत्या. आमच्याकडच्या महालक्ष्म्या म्हणजे आईचा प्राण. मुखवटे तीच काढायची, सोळा भाज्या तीच करायची, आणि दारातून आत आणताना थाळी वाजवायचं काम तिने माझ्याकडे दिलं होतं. महालक्ष्म्यांच्या आधी आई आली तर आली, नाहीतर मग ती काही येत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं पण कळत होतं. त्याच आठवड्यात एका दुपारी मी डबा घेऊन स्टँडवर आले आणि लांबूनच तुम्ही दिसलात. घरातलं धोतर नव्हे, शाळेतली ती राखाडी पँट, काखेत छत्री. तुम्ही केबिनच्या दाराशी उभे होतात. बाबा खाली उतरून आले होते. तुमच्या हातात रबर लावलेला गठ्ठा होता, आणि त्यातल्या वरच्या पत्रिकेचा लाल-सोनेरी कागद मला तेवढ्या अंतरावरूनही ओळखू आला. मी पाणपोईच्या मागे थांबले. काय बोललात ते ऐकू आलं नाही. मागे परतवाड्याची गाडी लागत होती. तुम्ही बोलत होतात, हात छातीवर होता, तोच हात. बाबांनी गठ्ठा घेतला, खाकी शर्टच्या खिशात कोंबला, वर गेले आणि माइक हातात घेऊन परतवाड्याची गाडी पुकारली. आवाजात काही फरक नव्हता.

संध्याकाळी त्यांनी तो गठ्ठा ओट्यावर, गॅसच्या बाजूला टाकला. एकवीस चिठ्ठ्या. "आपल्या घरची मोरी दाखवाले मास्तरच भेटला तुले? अन् थेही इंग्रजीत?"  आत्या पदर तोंडाला लावून उभी होती. बाबा म्हणाले, "आता त मी मुळीच नाई जात. मास्तराले सांगजो, मास्तरकी शाळेत कर म्हना, माह्या घरात नाई." मग जेवले. वरणात मीठ कमी होतं, तरी काही न बोलता जेवले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, आमच्याकडे तर सुंभही जळाला नव्हता. त्या वर्षी महालक्ष्म्या आत्याने बसवल्या. मी थाळी वाजवली. दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढली आणि दोन पितळी मुखवट्यांना आम्ही वाजतगाजत घरात घेऊन आलो, आणि ज्या बाईने दरवर्षी त्यांना साडी नेसवली तिला घ्यायला कोणी गेलं नाही. पुढे आईने मला सांगितलं, महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवसापर्यंत तिची पिशवी भरलेली होती. मामाच्या दारात बसून ती अमरावतीहून येणाऱ्या गाड्यांच्या वेळा धरायची. "सारे टायम पाठ झाले होते मले," म्हणाली. महालक्ष्म्या उठल्या त्या दिवशी तिने पिशवी सोडली आणि पातळं मामीच्या कपाटात ठेवली.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून लोक सुटतात. तुम्हाला मी कधी सोडलं नाही. चांगल्या हेतूने केलंत हे मला त्या पाणपोईमागेही कळत होतं, पण मग आधी मला विचारायचं होतं. नाहीतर तो हात छातीवर ठेवायचा नव्हता. मी आठ दिवस शिकवणीला आले नाही. नवव्या दिवशी आले, कारण इंग्रजीत नापास व्हायची मला फार भीती होती, आणि त्याचीही मला पुढे लाज वाटली. तुम्ही काहीतरी म्हणाल, असं वाटलं होतं. रागवा, सांगा, चुकलं म्हणा, काहीही. तुम्ही चष्मा घातलात आणि म्हणालात, "बसा. पुढचं क्रियापद घेऊ." दहावीचा निकाल लागला, इंग्रजीत मी वर्गात पहिली आले, पेढे द्यायला आले तेव्हा तुम्ही फळीवरून हे खोकं काढून माझ्या हातात दिलंत. रिकामं. "ठेव," एवढंच म्हणालात. माफी होती की टोमणा होता की अजून काही, तेव्हा ठरवता आलं नाही. तुमच्या घरातून बाहेर पडल्यावर ते नालीत टाकायचं मी ठरवलं होतं. टाकलं नाही, एवढं खरं.

अकरावीला मी अकोल्याला आईकडे आले आणि अकोल्याचीच झाले. आईने जठारपेठेत दोन खोल्या घेतल्या, शिवणकामाचे वर्ग घेतले, तिच्या हाताखालून कितीतरी मुली शिकून गेल्या. वाईट दिवस नव्हते ते. ती हसायची, सिनेमाला जायची, मला टोकायची. फक्त तिच्यासमोर कोणी घ्यायला आलं, घ्यायला गेलं असं बोललं की उठून आत जायची. तुम्ही गेलात तेव्हा मी बीए करत होते. त्या आठवड्यात एका लग्नाला अमरावतीला आले होते, तुमच्या गल्लीच्या तोंडावरून रिक्षा गेली, आणि मी रिक्षा थांबवली नाही. आज मी इथे कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. पोरं स्कूटीवरून येतात, मैत्रिणीला पिकअप करतात, कुरिअर कलेक्ट करतात, सगळी क्रियापदं मराठीत मिसळून वापरतात, आणि कोणाला काही समजावून द्यावं लागत नाही. चिठ्ठ्या मी लिहून घेत नाही. वाक्य पुस्तकातलं लिहा म्हणते. माझ्या वर्गात मुलं कच्ची राहतात, हे मला माहीत आहे. पण घरचं काही माझ्या हातात येऊ नये, याची मी काळजी घेते.

आई सहा वर्षांपूर्वी गेली. बाबा त्या दिवशी आले नाहीत, तेराव्याला आले, आणि ओसरीवर टेकून पावसापाण्याचं बोलले. गेल्या वर्षी ते घरात पडले, शेजाऱ्यांचा फोन आला, तेव्हा मी गाडी करून अमरावतीला गेले. एक्याऐंशी वर्षांचे बाबा खाटेवर बसलेले, पायाशी पिशवी. मला पाहून म्हणाले, "घ्याले आली काय?" मी हो म्हटलं. पिशवी कधीची भरलेली होती ते शेजारणीने सांगितलं. पंधरा दिवसांपासून. फोन करून मला घेऊन जा म्हणायचं त्यांच्याने झालं नव्हतं. वाटेत मूर्तिजापूरला चहा घेतला तेव्हा मला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि तुम्ही शिकवलंत तसं मी स्वतःला कलेक्ट केलं. शेवटी या माणसालाही घ्यायला जावंच लागलं.

आता मागच्या मंगळवारची दुपार. मी खोक्यातून त्यांची गोळी काढत होते. त्यांनी झाकण हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि म्हणाले, "हा डब्बा त्या मास्तरचाच न वं?"

"हो."

"मले भेटाले आला होता थो. स्टँडवर."

"मालूम हाये मले. मी पाहून राहिली होती."

याचं त्यांना काही वाटलं नाही. पाण्याचा घोट घेतला. "गठ्ठा होता त्याच्यापाशी. म्या म्हटलं, मास्तर, मले इंग्रजी तेवढी वाचता येत नाई, कामाचं बोला. मंग त्यानं त्याच्यातल्या काहीच वाचल्या नाई. वरच्या खिशातून एक काढली, वेगळी, अन् मराठीत करून सांगतली. म्हने, पोरीनं लिवलं हाये, बाबाले घ्याले जा वाटते, पन लाज वाटते. म्हने, लाज कायची, मी येतो तुमच्यासंग."

गोळी माझ्या हातातच होती. "मंग?"

"मंग काय. खरं होतं थे." त्यांनी झाकण खोक्यावर ठेवलं. मला वाटलं, संपलं. "शुक्रवारची रजा टाकली होती म्या. दोन दिवस बाकी होते. तुह्या मायसाठी पातळ घेऊन ठेवलं होतं, केबिनच्या टेबलात. महालक्ष्म्याच्या आधी आनतो म्हटलं."

"मंग काहून नाई गेले, बाबा?"

"आता कसा जाऊ? माह्या पोटातलं मास्तरले समजलं, तुले समजलं. गेलो असतो त मास्तरनं हात धरून नेला असं झालं असतं. घ्याले मी जाऊन राहिलो होतो. मास्तर नाई." मग हात पुढे केला. "दे थे गोळी."

मी विचारलं, ती वेगळी चिठ्ठी कुठे आहे. खिशातच राहिली, म्हणाले, आणि खाकी शर्टासंग धुण्यात गेली.

दोन दिवस, सर. तुम्ही दोन दिवस घरी बसला असतात तर. शनिवारी आई अमरावतीच्या घरात मुखवटे घासत बसली असती. वाक्य सुधारायला तुम्ही शिकवलंत, थांबायला नाही. ज्या माणसाने फेचमधलं पहिलं काम अवघड असतं म्हणून सांगितलं, त्यानेच ते काम करायला निघालेल्या माणसाच्या वाटेत उभं राहावं, याचा मला चार दिवस नुसता संताप आला. चार दिवस मी मनात तुमच्याशी भांडले. पाचव्या दिवशी पाटीवर हिशोब मांडावा तसं आठवायला बसले, कारण बाबांच्या बोलण्यातली एक गोष्ट जुळत नव्हती. खोक्यातल्या एकवीस चिठ्ठ्यांनी काहीच झालं नव्हतं. तेहतीस वर्षं ज्यांच्यासाठी मी तुम्हाला माफ केलं नाही, त्या स्टँडवर कोणी वाचल्याच नाहीत. झालं ते बाविसाव्या चिठ्ठीने. आणि ते वाक्य आजवर मी खोटं समजत होते. बाबांना घ्यायला जायचं आहे, पण लाज वाटते, असं मी लिहिलं तेव्हा मला ते तसूभरही खरं वाटत नव्हतं. बाबांना लाज असते हेच मला माहीत नव्हतं. तुमचा नियम मोडून मी ते बनवलं होतं.

तरी खोकं तुम्ही उघडलंतच. त्या एकवीस चिठ्ठ्या तुम्ही माझ्या नकळत बाहेर काढल्यात, बाबांना दाखवायला नेल्यात, हे काही खोटं नाही, आणि त्याचा राग मी सोडणार नाही. हे पत्र मी आता घडी करून याच खोक्यात, गोळ्यांच्या पाकिटांखाली ठेवते आहे. बाबांना दिसलं तरी त्यांना वाचायला चष्मा लागेल, आणि तो मी देणार नाही.

चष्म्यावरून आठवलं म्हणून नव्हे. हे सांगायलाच मी बसले होते आणि इतका वेळ टाळत होते. खोक्यातलं खोक्यात राहतं, म्हणून बाविसावी चिठ्ठी मी फेचच्या खोक्यात टाकली नव्हती, सर. तुम्ही पाणी प्यायला आत गेला होतात, तेव्हा मी ती तुमच्या चष्म्याच्या घरात ठेवली होती.